नक्कल करणार, रुजवात घेणार

“मिनिटाला अठ्ठेचाळीस,” सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी मनगटावरच्या घड्याळावरून नजर उचलली. उजवा हात अजून कॉम्प्युटरच्या डब्यावरच होता.

“अठ्ठेचाळीस काय?” तीनप्रतींनी विचारलं.

“ठोके. टक्... टक्... कान देऊन ऐका की. मधेच एक ठोका चुकतोय. आणि अंग किती तापलंय बघा.”

“अगं, यंत्र आहे ते.”

“यंत्र असो नाहीतर माणूस. अशी नाडी लागली की मी आधी आडवं करते.”

तीनप्रती नको-नको म्हणेपर्यंत सिस्टरांनी तो डबा टेबलावर कुशीवर निजवलासुद्धा. पडदा निळा झाला, त्यावर इंग्रजीत काहीतरी लांबलचक उमटलं, आणि तीनप्रतींना चष्मा सापडेपर्यंत पडदा काळा होऊन गेला. आतली टकटक मात्र चालूच राहिली.

सिस्टर एकतीस वर्षं प्रसूती वॉर्डात नर्स होत्या, म्हणून सगळी वसाहत त्यांना सिस्टर म्हणायची. बायकोला सिस्टर म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून नवरा तेवढा ‘अगं’ म्हणायचा. नवऱ्याचं ‘तीनप्रती’ हे नाव ऑफिसातून मागे मागे चालत घरापर्यंत आलं होतं. त्यांनी चौतीस वर्षं नक्कल विभागात काढली. लोक जुन्या कागदाची नक्कल मागायला अर्ज करत आणि हे मूळ कागद समोर ठेवून शब्दाला शब्द उतरवून देत. एक प्रत अर्जदाराला, एक दप्तरी आणि एक असावी म्हणून. ही तिसरी कुणी मागितलेली नसायची, पण ती काढल्याशिवाय यांना चैन पडत नसे. पुढे ही सवय अंगात इतकी भिनली की घरातली किराणा यादीही तीन प्रतींत निघू लागली. त्यातली असावी म्हणून काढलेली प्रत कपाटात लावून ठेवलेली असे, वर्षवार.

टकटक ऐकून शेजारचे फ्रिजवाले आले. त्यांनी आयुष्यभर फ्रिज विकले होते आणि जगातल्या बहुतेक अडचणींवर त्यांच्याकडे एकच उपाय होता.

“आतली डिस्क काढा,” ते म्हणाले, “प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि बर्फाच्या कप्प्यात दोन तास ठेवा. खणखणीत होते.”

“तुम्ही केलंय कधी?”

“मी कशाला करू? माझा कॉम्प्युटर चांगला चालतो.”

तीनप्रतींनी बाहेरगावच्या भाचीला फोन लावला. हा कॉम्प्युटर मुळात तिचाच. सहा वर्षांपूर्वी नवा घेतला तेव्हा जुना तिने मामा-मामींना दिला होता. “मामा, टकटक येतेय ना? मग पुन्हा चालू करू नका,” भाची म्हणाली. “जितका चालवाल तितकी आतली डिस्क खरवडत जाईल. सरळ दुरुस्तीला न्या. बॅकअप आहे ना?”

“बॅकअप!” तीनप्रती हसले. “पोरी, कुणाला विचारतेस?”

सिस्टर तर एवढ्या निर्धास्त होत्या की त्या वाटाणे सोलायला बसल्या. “त्यात घाबरायचं काय एवढं? तीन प्रती आहेत ना यांच्याकडे,” त्या फ्रिजवाल्यांना म्हणाल्या. तीनप्रतींची छाती दोन बोटं फुगली.

त्या डब्यात तशा पुष्कळ गोष्टी होत्या. तीनप्रतींचं ‘महत्त्वाचे’ नावाचं एक कपाटच होतं त्यात. मोडीत गेलेल्या मिक्सरचं वॉरंटी कार्ड, गच्चीतल्या गळतीबद्दल पाणीखात्याला पाठवलेली सहा वर्षांची पत्रं, त्यांची स्मरणपत्रं आणि स्मरणपत्रांचीही स्मरणपत्रं. ते सगळं गेलं असतं तर पाणीखात्याने सुटकेचा निःश्वास सोडला असता, दुसरं काही झालं नसतं. खरी चीज होती ती सिस्टरांची ‘जन्म’ नावाची फाईल.

सिस्टरांच्या हातून वॉर्डात जेवढी बाळं जन्माला आली, त्या प्रत्येकाची नोंद त्यांनी स्वतःच्या डायरीत ठेवली होती. सरकारी रजिस्टर वेगळं, हे त्यांचं खाजगी. नंबर, मुलगा की मुलगी, वजन, रडलं की नाही, आणि शेवटी एक ओळ शेरा. ‘नं. २१२. मुलगा. तीन किलो. लगेच रडला. बाप दारात बेशुद्ध, सलाईन आधी बापाला.’ ‘नं. ६४०. जुळ्या मुली. दुसरी आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आईलासुद्धा.’ अशा चार हजार तीनशे सहा नोंदी. निवृत्तीनंतर चार वर्षं रोज दुपारी एका बोटाने टाइप करून त्यांनी त्या एकतीस डायऱ्या कॉम्प्युटरात उतरवल्या.

त्यातली एक नोंद घरचीच होती. अकराशे अठ्ठेचाळीस. चौतीस वर्षांपूर्वी सिस्टर स्वतःच त्या वॉर्डात खाटेवर होत्या, मुलगी झाली आणि सहा तासांनी गेली. त्यानंतर त्यांना मूल झालं नाही. कामावर परतल्यावर सिस्टरांनी डायरीत पुढचा नंबर टाकून तीही नोंद केली होती. तशी नोंद आहे हे तीनप्रतींना माहीत होतं. ती त्यांनी कधी उघडून वाचली मात्र नव्हती. घरात त्याबद्दल बोलायची पद्धतही नव्हती.

आणि डायऱ्या? डायऱ्या दोन वर्षांपूर्वी रद्दीत गेल्या. त्या तीनप्रतींनीच घालायला लावल्या. कपाटात जागा नव्हती, वाळवीची भीती होती, आणि कॉम्प्युटरात यादी होतीच, तिच्या तीन प्रती होत्या. “नक्की ना?” सिस्टरांनी दारात गठ्ठ्यावर हात ठेवून विचारलं होतं. “चौतीस वर्षांत माझ्या टेबलावरून एक कागद गहाळ झालेला नाही,” असं तेव्हा तीनप्रती म्हणाले होते. नक्कल विभागाचा पहिला नियम होता, मूळ प्रत कधीही सोडायची नाही. तो त्यांनी बाकी जन्मभर पाळला, मोडला तो फक्त त्या दिवशी.

दुरुस्तीला न्यायचं म्हणून सिस्टरांनी डबा चौकटीच्या जुन्या चादरीत गुंडाळला. “खालून हात घाला. हिसका बसू देऊ नका. बसमध्ये मांडीवर घ्या,” त्यांनी बजावलं. बसमध्ये चादरीची ती गुंडाळी बघून एक बाई उठून उभी राहिली आणि तिने तीनप्रतींना जागा दिली. दोन थांबे गेल्यावर तिने वाकून कौतुकाने विचारलं, “झोपलंय वाटतं?”

“बंद पडलंय,” तीनप्रती म्हणाले. पुढच्याच थांब्यावर ती उतरली, आणि तिचा थांबा तो नसावा असं तीनप्रतींना वाटलं.

दुरुस्तीवालीचं दुकान बँकेच्या जिन्याखाली होतं. चाळिशीपुढची बाई, कपाळावर चष्मा, कानामागे पेचकस. दुकान एवढं लहान की गिऱ्हाईक आत आलं की तिला खुर्ची भिंतीला लावून बसावं लागे. तिने डबा उघडला, आतली धूळ ब्रशने झाडली, एक मिनिट कान लावून ऐकलं आणि वायर काढून टाकली.

“डिस्क जातेय, काका. मरायला टेकलीय. बाकी सगळं ठीक आहे, नवी डिस्क टाकून देते. आतलं सामान दुसरीकडे ठेवलंय ना?”

या प्रश्नासाठीच तीनप्रती आले होते. त्यांनी शबनम पिशवीतून तीन पाकिटं काढून टेबलावर ओळीने मांडली. प्रत्येकावर ‘प्रत क्रमांक’ आणि तारीख. एक पाकीट कपाटाच्या कुलपातलं, एक साखरेच्या जुन्या डब्यातलं, एक फ्रिजवाल्यांकडे ठेवायला दिलेलं. ते परत मागितलं तेव्हा थंडगार लागलं होतं. प्रत्येकात एक पेनड्राइव्ह.

“दर रविवारी,” ते म्हणाले. “सहा वर्षं. एक रविवार चुकलेला नाही.”

“वा!” दुरुस्तीवाली मनापासून म्हणाली. “माझ्या बारा वर्षांच्या धंद्यात असं गिऱ्हाईक पहिल्यांदा बघतेय.” तिने पहिला पेनड्राइव्ह आपल्या कॉम्प्युटरला लावला. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आला. मग दुसरा लावला. मग तिसरा.

“काका, तुम्ही हे कॉपी कसं करत होता?”

“पडद्यावर ‘जन्म’ असं चित्र आहे. भाचीनंच ठेवून दिलंय, दोनदा टिचकी मारली की यादी उघडते. ते उचलायचं आणि यात टाकायचं. डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं.”

“चार हजार नोंदी डोळ्याचं पातं लवायच्या आत?”

“मला वाटलं, यंत्र चांगलं आहे.”

दुरुस्तीवालीने पडद्यावर बोट ठेवलं. ‘जन्म’ लिहिलेल्या चित्राच्या खालच्या कोपऱ्यात एक चिमुकला वाकडा बाण होता. “हा बाण दिसतोय?”

“दिसतोय की! तो बघूनच तर खात्री पटायची.”

आणि इथे तीनप्रतींच्या चौतीस वर्षांच्या नोकरीने त्यांचा घात केला. नक्कल विभागात एखाद्या कागदाची नक्कल काढून झाली की हेडक्लार्क त्या कागदाच्या खालच्या कोपऱ्यात असाच एक लहानसा बाण काढत. बाण म्हणजे काम झालं. दुसऱ्या कुणाला त्या बाणाची शंका तरी आली असती. यांना तो जुना ओळखीचा भेटल्यासारखा वाटायचा.

“हा बाण म्हणजे ही फाईल नाहीच, काका,” दुरुस्तीवाली जपून म्हणाली. “हा नुसता पत्ता आहे, फाईल त्या जुन्या डब्यात कुठं ठेवलीय त्याचा. तुम्ही सहा वर्षं पत्त्याच्या कॉप्या केल्यात.”

“शक्य नाही. मी रुजवात घेत होतो.”

“काय घेत होता?”

“रुजवात. नक्कल मुळाशी ताडून बघायची. दर रविवारी पेनड्राइव्हवरून उघडून बघायचो. उघडायची! पहिली नोंद जागेवर, शेवटचीही जागेवर!”

“घरच्याच कॉम्प्युटरवर ना? मग उघडणारच. पत्ता त्याच घरचा. इथं माझ्याकडे उघडून दाखवा.”

तीनप्रतींनी दोनदा टिचकी मारली. फाईल सापडत नाही, असं यंत्राने सांगितलं. त्यांनी परत मारली. यंत्राने परत तेच सांगितलं.

म्हणजे सहा वर्षं ते मूळ प्रत मूळ प्रतीशीच ताडून बघत होते. ऑफिसात कुणी असं केलं असतं तर यांनीच त्याचा मेमो लिहिला असता, तोही तीन प्रतींत. त्यांनी टेबलाची कड धरली. दुकान लहान होतं म्हणून बरं, पडायलाही जागा नव्हती.

“पाणी देऊ का?”

“त्या डायऱ्या मी रद्दीत घातल्या हो,” तीनप्रती म्हणाले. कुठल्या डायऱ्या, कसली रद्दी, हे तिला काही ठाऊक नव्हतं. मग त्यांनी सगळं सांगितलं. एकतीस वर्षं, चार हजार तीनशे सहा, त्यातली अकराशे अठ्ठेचाळीस. हे शेवटचं त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आता ते जिन्याखाली एका अनोळखी बाईला सांगत होते.

दुरुस्तीवालीने पेचकस परत कानामागे खोचला. “सिस्टरांचं नाव ऐकलंय मी,” ती म्हणाली. “पण मी इथली नाही, लग्न होऊन आले. त्यांच्या यादीत मी नसणार.” मग तिने खुर्ची पुढे ओढली. “हे बघा. डिस्क एकदा नीट चालेल, फार तर दोनदा. त्या वेळात निघेल तेवढं काढून घेते. पण सगळं नाही निघायचं. आधी काय काढू ते आत्ताच सांगा. ‘महत्त्वाचे’ नावाचं काहीतरी मोठं कपाट आहे म्हणालात.”

“‘महत्त्वाचे’ राहू दे. त्यात महत्त्वाचं काही नाही. आधी ‘जन्म’.”

“चार दिवस लागतील. आणि काका, शब्द देत नाही हं मी.”

घरी आल्यावर सिस्टरांनी दारातच विचारलं, “काय म्हणतोय पेशंट?”

“ॲडमिट करून घेतलंय,” तीनप्रती म्हणाले.

“आणि प्रती?”

“प्रती... तीनही आहेत.” हे खोटं नव्हतं. प्रती तीन होत्याच. त्या दिवशी तीनप्रतींना एवढ्याशा खऱ्याचाही आधार वाटला.

त्या संध्याकाळी त्यांनी भांडी घासली. दुसऱ्या दिवशी सकाळी घासली, दुपारी घासली, आणि घासायला काही उरलं नाही तेव्हा शोकेसमधले न वापरलेले कप काढून धुतले. फ्रिजवाले डोकावले तेव्हा त्यांनी फ्रिजही पुसून ठेवला होता. “पाठीमागची जाळीसुद्धा पुसायची असते,” फ्रिजवाले म्हणाले. तीनप्रतींनी ती लगेच पुसायला घेतली.

तिसऱ्या दिवशी दुपारी सिस्टरांनी चहाचे दोन कप टेबलावर ठेवले आणि नवऱ्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

“बसा. दोन दिवस जेवण निम्मं. कूस बदलता ती मोजून थकले मी. आणि वर भांडी. पहिली दोन लक्षणं कशाचीही असतात. तिसऱ्याला एकच कारण. काय केलंत?”

तीनप्रतींनी सांगितलं. बाण सांगितला, पत्ता सांगितला, रविवार सांगितले. मधे एकदा भाचीवर ढकलता येईल का असा विचार त्यांच्या मनात आला, पण तो त्यांनी गिळला. सिस्टरांनी चहा संपेपर्यंत ऐकून घेतलं. वॉर्डात वाईट बातमी ऐकताना त्या अशाच बसत असाव्यात, असं तीनप्रतींना वाटलं.

“मी डायऱ्या देत नव्हते,” सिस्टर म्हणाल्या.

“हो.”

“दारात उभी होते मी. गठ्ठ्यावर हात होता माझा.”

“हो गं. चुकलं माझं.”

सिस्टर उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी कपाटाचं दार उघडलं. डायऱ्यांच्या जागी आता किराणा यादीच्या तिसऱ्या प्रतींचे गठ्ठे होते, वर्षवार, दोरीने बांधलेले. त्या ते बघत उभ्या राहिल्या. तीनप्रतींना जमीन दुभंगेल तर बरं असं झालं.

“नऊ वर्षांपूर्वी आपण किती साबण आणले ते सापडेल,” सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी दार लावलं. त्या दिवशी भांडी त्यांनी स्वतः घासली, आणि ते तीनप्रतींना फार लागलं.

चौथ्या दिवशी दोघंही गेले. सिस्टरांनी चादर घडी करून बरोबर घेतली होती. दुरुस्तीवालीने त्यांना आपली खुर्ची दिली, स्वतः टेबलाच्या कडेला टेकली आणि पडदा त्यांच्याकडे वळवला.

“बरंचसं आलंय. पण मधे भगदाड आहे,” ती म्हणाली. “एक हजार नव्वदपर्यंत स्वच्छ. मग हे असं.” पडद्यावर चौकोन, प्रश्नचिन्हं आणि कुठल्याच भाषेत नसलेली अक्षरं पानामागून पान धावत होती. “ती थांबतात थेट अकराशे ऐंशीला. तिथून शेवटपर्यंत पुन्हा ठीक. तीनदा प्रयत्न केला सिस्टर, नाही झालं. आता डिस्क फिरतच नाही.”

सिस्टरांनी चष्मा लावून त्या चौकोनांवरून हळूहळू बोट फिरवलं. एकोणनव्वद नोंदी. कोणत्या ते तिघांनाही कळत होतं.

“चार हजारांवर बाळं वाचवलीस की पोरी,” सिस्टर म्हणाल्या. “एवढ्या केसेस चार दिवसांत मीही नाही केल्या कधी.” दुरुस्तीवालीने घाईघाईने चष्मा कपाळावर चढवला आणि वायर शोधायला टेबलाखाली वाकली. बराच वेळ तिला वायर सापडली नाही.

परत येताना बसमध्ये डबा सिस्टरांच्या मांडीवर होता. आत नवी डिस्क होती. पिशवीत तीन पेनड्राइव्ह होते, तीनही दुरुस्तीवालीच्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिलेले. त्यातला एक सिस्टरांनी उतरल्यावर स्वतःच्या पर्समध्ये टाकला. त्यावर बोलायची तीनप्रतींची सोयच नव्हती.

घरी पोचल्यावर तीनप्रतींनी माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. आत ऑफिसचा जुना कागद होता, टाक होता आणि निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी थट्टेने भेट दिलेला कार्बन पेपरचा न फोडलेला पुडा होता. त्यांनी जेवणाचं टेबल पुसलं, तीन कागदांमध्ये दोन कार्बन घातले, कडा ठोकून सारख्या केल्या. टाक ठेवून बॉलपेन घेतलं, कार्बनवर जोर द्यावा लागतो म्हणून.

“तुला आठवतंय तेवढं सांग,” ते म्हणाले. “मी उतरवतो.”

सिस्टर समोर बसल्या. पहिल्यांदा त्यांनी नुसतेच डोळे मिटले. मग म्हणाल्या, “एक हजार एक्क्याण्णव. मुलगा. शाळेच्या शिपायाचा. बाप तास झाला की घंटा वाजवल्यासारखा दार वाजवायचा.” तीनप्रती लिहू लागले. अक्षर पूर्वीसारखंच होतं, फक्त थोडं मोठं. “ब्याण्णव. मुलगी. उशिरा रडली. मी पाठीवर चापट मारली तर आईच मला ओरडली.” असं चाललं. काही नोंदी धबधब्यासारख्या यायच्या, वजनासकट. काहींपाशी सिस्टर अडायच्या.

“अठ्ठ्याण्णव... नाही आठवत.”

तीनप्रतींनी लिहिलं, ‘अवाच्य’.

“काय लिहिलंत?”

“अवाच्य. मूळ कागद वाचता आला नाही की नकलेत तसं लिहायचं. अंदाजाने भरायचं नाही, पदरचा शब्द घालायचा नाही. नियम आहे.”

“बाळ अवाच्य कसं असेल हो?” सिस्टर चिडल्या. “खोडा ते. ‘जन्म झाला, बाकी आठवत नाही,’ असं लिहा. झाला ना जन्म? मी होते तिथं.”

चौतीस वर्षांत न खोडलेला शब्द तीनप्रतींनी तीनही प्रतींत खोडला, शेजारी लहान सही केली आणि सिस्टरांनी सांगितलं तसं लिहिलं. पुढचे पाच दिवस, दुपारचा चहा झाला की, दोघं टेबलाशी बसू लागले. फ्रिजवाले एकदा येऊन बसले, दहा नोंदी ऐकून गेले आणि जाताना कुठलाही सल्ला दिला नाही.

पाचव्या दिवशी सिस्टर “अकराशे सत्तेचाळीस” म्हणाल्या, ती नोंद सांगून झाली, आणि त्या थांबल्या. तीनप्रतींनी पेन उचलून धरलं होतं. खाली नवा कागद होता. तो त्यांनी कधी बदलला हे त्यांचं त्यांनाही आठवलं नाही.

“अकराशे अठ्ठेचाळीस,” सिस्टर म्हणाल्या. “मुलगी. सहा तास. आई, मी.”

तीनप्रतींनी लिहिलं. “वजन?” त्यांनी विचारलं. इतक्या दिवसांच्या सवयीने विचारलं गेलं, आणि विचारल्यावर ते घाबरले.

“डायरीत नव्हतं. मला भूल दिली होती. जाग आली तेव्हा सगळं आवरून झालं होतं, आणि नंतर मला कुणी सांगितलं नाही. मीही नाही विचारलं. वजनाची आणि रडण्याची जागा कोरीच होती.”

बाहेर कुणीतरी सायकल उभी करत होतं. तीनप्रतींनी कागदांच्या कडा पुन्हा ठोकून सारख्या केल्या.

“दोन किलो शंभर,” ते म्हणाले.

सिस्टरांनी मान वर केली.

“मला आत घेतलं होतं थोडा वेळ. काट्यावर ठेवली होती तिला. मी वाचलं. तुला माहितीय, आकडा दिसला की मी वाचतोच. पायाला पट्टी होती, तिच्यावर खाट सात लिहिलं होतं. तू नऊवर होतीस. मी त्यांना म्हटलं, हे आधी दुरुस्त करा. त्यांनी केलं. मग मी बाहेर आलो.”

“एवढी वर्षं बोलला नाहीत.”

“तू विचारलं नाहीस. आणि मला वाटलं, तुझ्या डायरीत असेल सगळं. तुझी नोंद म्हणजे मूळ प्रत.”

सिस्टरांनी टेबलावरचे हात एकमेकांत घट्ट धरले. मग वॉर्डात ज्या आवाजात त्या चार हजार वेळा हा प्रश्न विचारत आल्या होत्या, त्याच आवाजात त्यांनी विचारलं, “रडली?”

“दोनदा,” तीनप्रती म्हणाले. “पहिल्यांदा बारीक. दुसऱ्यांदा चांगली मोठ्यानं. बाहेर बाकावर ऐकू आली मला.”

“लिहा.”

“पण हे मुळात नव्हतं. हे माझ्या पदरचं होईल.”

“घाला तुमच्या पदरचं,” सिस्टर म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या ते पुसत नव्हत्या. “तुमचीही होती ना ती?”

तीनप्रतींनी लिहिलं. वजन लिहिलं, पट्टी लिहिली, खाट नऊ लिहिलं. पान भरलं नव्हतं, तरी त्यांनी खाली रेघ मारली. रेघेखाली डावीकडे ‘नक्कल करणार’ लिहून सही केली. उजवीकडे ‘रुजवात घेणार’ लिहिलं आणि पेन सिस्टरांच्या हातात दिलं. सिस्टरांनी सही केली आणि कार्बन काढून तीनही प्रती एकेक करून वाचल्या. तिसरी नेहमीप्रमाणे फिकट उठली होती. त्यांनी ती खिडकीकडे धरून पाहिली, परत टेबलावर ठेवली आणि ‘दोनदा रडली’ एवढंच पेनाने गिरवून गडद केलं.

“घ्या पुढचा कागद,” त्या म्हणाल्या. “अकराशे एकोणपन्नास. मुलगा. हा थांबायलाच तयार नव्हता.”